घरात सरावासाठी पायझोचा ताशा बनवलाय, पण तर्री (सलग भरभर ठोके) वाजवली की सगळं बिघडतं, मदत हवी

ताशावाली_वर्तकनगर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात वर्तकनगरला नवव्या मजल्यावर राहते आणि गेली चार वर्षं पथकात ताशा वाजवते. गणपतीच्या आधीचा सराव मैदानावर असतो पण आठवड्यातून तीनच दिवस, त्यात ऑफिस ऐरोलीला, त्यामुळे मी पोचेपर्यंत बऱ्याचदा अर्धा सराव उरकलेला असतो. घरी खरा ताशा काढायचा प्रश्नच येत नाही, खालच्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं मागच्या महिन्यातच ऑपरेशन झालंय आणि मला मोकळा वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. म्हणून ठरवलं की हेडफोनमध्ये वाजेल असा ताशा स्वतःच बनवायचा.

केलंय ते असं. प्लायवूडची दहा इंची गोल चकती कापून घेतली, वर माउसपॅड चिकटवलं, खाली मधोमध २७ मिलिमीटरची पायझो डिस्क (ठोका बसला की क्षणभर वीज देणारी चकती) फेविक्विकने घट्ट बसवली, तिला समांतर एक मेगाओमचा रेझिस्टर आणि वायर थेट अर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्रॅम करायच्या बोर्डच्या ए-झीरो पिनला. कोड अर्डुइनोच्या नॉक नावाच्या तयार उदाहरणावरून घेतलाय, पिनवरचा आकडा २००च्या वर गेला की मिडी नोट (कोणता सूर किती जोरात वाजवायचा हा संदेश) पाठवायची. लॅपटॉपवर तो संदेश पोचवणारे हेअरलेस आणि लूपमिडी हे प्रोग्रॅम, पुढे रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्याच पथकातल्या ताशाचा मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज लावलाय.

वाजतं! पहिला ठोका ऐकला तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला. पण एक ठोका मारला की दोन-तीन वाजतात, त्यावर उपाय म्हणून कोडमध्ये १०० मिलिसेकंदाचा डिले टाकला तर डबल ठोके गेले पण तर्रीतले अर्धे ठोके गायब झाले, आणि तर्री नसेल तर ताशाच्या सरावाला अर्थच काय. दुसरं म्हणजे आवाज उशिरा येतो, आधी हात पडतो मग आवाज, लय धरताच येत नाही. हळू मारलेले ठोके तर येतच नाहीत. आणि आवाज हेडफोनमध्ये असूनही आजींच्या घरी टक टक ऐकू जातं असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. मी कॉमर्सवाली आहे, सोल्डरिंग व्हिडिओ बघून शिकले, तेव्हा जरा समजेल असं सांगा.

नौपाडेकर

ताई एवढा खटाटोप कशाला, ड्रमवाल्यांचा रबरी प्रॅक्टिस पॅड मिळतो तो आणा आणि वाजवा. हात तयार होण्याशी मतलब.

ताशावाली_वर्तकनगर

आहे माझ्याकडे, वर्षभर त्यावरच वाजवलंय. त्यावर सगळे ठोके सारखेच वाटतात, उजवा हात डाव्यापेक्षा जोरात पडतोय हे कळतच नाही, आणि पथकात गेलं की तेच उघडं पडतं. मला माझे ठोके ताशाच्या आवाजात ऐकायचेत.

ऐरोली_सर्किट

ताई पहिल्याच प्रयत्नात आवाज काढलात, मनापासून अभिनंदन. प्रश्न सगळे सुटण्यासारखे आहेत, पण आधी एक सांगा, कानात ब्लूटूथचे इअरफोन घालता का? तसं असेल तर उशीर तिथेच आहे, बाकी काही बघू नका. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे राहतो. आवाज हवेतून १० मिलिसेकंदात साधारण ३.४ मीटर जातो, म्हणजे पथकात तुमच्यापासून तीन-साडेतीन मीटरवर उभा असलेला ढोल तुम्हाला १० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि तुम्ही तो आरामात सांभाळून घेता. २०० मिलिसेकंद म्हणजे तुमचा स्वतःचा ताशा ६८ मीटरवर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला वाजल्यासारखं. त्यावर लय कोणालाच धरता येणार नाही. वायरचा हेडफोन लावा.

मग लॅपटॉप. विंडोजचा नेहमीचा ऑडिओ ड्रायव्हर पण वेळ खातो, एएसआयओ-फोर-ऑल हा जलद ड्रायव्हर टाकून रीपरमध्ये तो निवडा आणि बफर (वाजवण्याआधी साठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. करकर आवाज आला तर २५६ करा, ५.८ होतील, तेही चालतं.

नॉकच्या उदाहरणात सिरिअलचा, म्हणजे बोर्डकडून लॅपटॉपला माहिती जाण्याचा, स्पीड ९६०० असतो, तुम्ही तोच ठेवलाय का? त्या स्पीडला एक बाइट जायला एक मिलिसेकंद लागतो आणि मिडीची एक नोट म्हणजे तीन बाइट. कोडमध्ये कुठे आकडे बघायला प्रिंट टाकलं असेल तर ते काढाच, एकेक अक्षर एकेक मिलिसेकंद खातं आणि तेवढ्यात ठोका होऊन जातो. कोडमध्ये आणि हेअरलेसमध्ये दोन्हीकडे १,१५,२०० करा, तीन बाइट पाव मिलिसेकंदात जातात.

आणि पायझो थेट पिनला लावलाय हे वाचून जरा काळजी वाटली. जोरात ठोका बसला की ही चकती क्षणभर पंधरा-वीस व्होल्टही देऊ शकते, ऊनोची पिन ५ व्होल्टची आहे. पायझो आणि पिनच्या मध्ये १० किलोओमचा रेझिस्टर टाका आणि पिनपासून ग्राउंडला ५.१ व्होल्टचा, जास्तीचा व्होल्ट सोडून देणारा झेनर डायोड लावा, पट्टीची बाजू पिनकडे. एवढं आजच करा, बाकी नंतर.

डबल ठोक्यांचं सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ट्रेनमध्ये आहे.

कळवा_ऑर्केस्ट्रा

मी पंधरा-सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवलाय, तेव्हा हाताच्या बाजूने सांगतो. आपल्याकडे ऑक्टोपॅड म्हटलं की लोकांना आवाजाचं मशीन वाटतं पण १९८५ला रोलंडचा जो पहिला ऑक्टोपॅड आला, पॅड-८, त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड आणि मागे मिडीची वायर, आवाज दुसऱ्या मशीनमधून यायचा. मिडी तेव्हा दोनच वर्षांचं होतं. म्हणजे तुम्ही आत्ता जे बनवताय तो त्याच जातीचा माल आहे, नुसतं खेळणं समजू नका.

आता पॅडबद्दल. फेविक्विक काढा. कडक गोंदाने पायझो लाकडाशी एकजीव होतो आणि लाकूड थरथरत राहतं तोवर सिग्नल येत राहतो, डबल ठोक्यांचं निम्मं कारण हेच. शिवाय चकतीवरचा पांढरा थर सिरॅमिकचा असतो, तडकतो. पातळ फोमची डबल टेप लावून बसवा. लाकडाला चिकटवण्यापेक्षा पत्र्याची गोल चकती घ्या, तिच्याखाली पायझो, पत्र्याच्या वर रबर, आणि हे सगळं जाड फोमवर ठेवा. पत्र्यामुळे ठोका पसरतो, नाहीतर बरोबर पायझोच्या डोक्यावर मारलं की भयंकर मोठा आणि दोन इंच बाजूला मारलं की मरतुकडा असं होतं.

पण माझं मत विचाराल तर ताशासाठी माउसपॅड हा चुकीचाच पृष्ठभाग आहे. ताशाचं पान टणक ताणलेलं असतं, काडी स्वतःहून उसळते आणि तर्री त्या उसळीवरच चालते, माउसपॅड काडी गिळतो. त्यावर सहा महिने वाजवलंत तर मनगटाला नको ती सवय लागेल. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणारे असतात ना, त्यांच्याकडून फायबरग्लासच्या जाळीचा तुकडा आणा, दोन थर घ्या, दुसरा थर तिरका फिरवून ठेवा म्हणजे धागे एकमेकांना कापतील, आणि पथकात मोडीत काढलेला ताशा असेल तर त्याच्याच रिंगमध्ये ताणून बसवा. मध्ये खालून फोमचा शंकू, जेमतेम टेकेल एवढा, आणि शंकूखाली पायझो. जाळीतून हवा आरपार जाते म्हणून आवाजही कमी होतो. महागड्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर जाळीच असते.

खाली टक टक जातं ते हवेतून जात नाही, स्टँडच्या पायातून स्लॅबमध्ये उतरतं. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे जुने बॉल टाका, खालच्या-वरच्या फळीला भोकं पाडली की बॉल घरंगळत नाहीत. त्यावर स्टँड ठेवा. माझ्या चाळीतल्या घरात लाकडी जमिनीवर हे वापरलंय, शेजारच्यांनी नंतर तक्रार केली नाही.

ऐरोली_सर्किट

कळवावाल्या दादांनी पॅडचं जे लिहिलंय ते माझ्यापेक्षा मोलाचं आहे, आधी ते करा. पॅड खराब असेल तर कोड कितीही चांगला असो, मार खातो.

आता तर्री. हिशोब करू. दोन्ही हात मिळून सेकंदाला १६ ठोके धरले तर दोन ठोक्यांत साधारण ६२ मिलिसेकंद येतात. तुमचा डिले १०० चा. म्हणजे एक ठोका पडला की पुढच्या ठोक्याच्या वेळी अर्डुइनो चक्क झोपलेला असतो. डिले ही गोष्टच कोडमधून हद्दपार करा.

ठोका पडला की सिग्नल एकदम वर चढतो, एक-दोन मिलिसेकंदात सगळ्यात उंच जागी पोचतो आणि मग थरथरत खाली येतो. तुमचा कोड २०० ओलांडल्या ओलांडल्या नोट पाठवतो, तेव्हा शिखर आलेलंच नसतं, म्हणून जोर नीट कळत नाही. त्याऐवजी थ्रेशोल्ड, म्हणजे ती किमान मर्यादा, ओलांडला की पुढचे २ मिलिसेकंद फक्त वाचत राहा, सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवा आणि त्यावरून नोट पाठवा. ऊनोचं एक अॅनलॉग वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदांचं असतं, म्हणजे २ मिलिसेकंदात वीसेक वाचनं मिळतात, एका पॅडला पुरे.

नोट पाठवल्यावर १० मिलिसेकंद डोळे मिटा. आणि त्यानंतर लगेच मूळ थ्रेशोल्डवर येऊ नका, इथेच सगळी मेख आहे. समजा ठोका ६०० चा आला, तर थ्रेशोल्डही ६०० ला न्या आणि पुढच्या ४०-५० मिलिसेकंदात हळूहळू खाली ४० पर्यंत उतरवा. मागच्या ठोक्याची थरथर या उतरत्या रेषेच्या खालीच राहते, म्हणून मोजली जात नाही, आणि खरा नवा ठोका रेषेच्या वर उडी मारतो, म्हणून मोजला जातो. रेषा किती वेगाने उतरवायची ते पॅडवर ठरतं. एक ठोका मारून सगळे आकडे साठवा आणि ठोका संपल्यावर एकदम छापा, एक्सेलमध्ये आलेख काढलात तर तुमच्या पॅडची थरथर डोळ्यांना दिसेल. मला सुरुवातीला हे कोणी सांगितलं नव्हतं, आकडे अंदाजाने बदलत दोन महिने घालवले.

हळू ठोक्यांचं कारण दुसरंच आहे. थ्रेशोल्ड २०० ठेवलाय तो फार वर आहेच, पण तुम्ही पिनच्या २०० ते १०२३ या आकड्यांना मिडीच्या ० ते १२७ वर बसवलं असेल तर २०० च्या जरा वरच्या ठोक्याची व्हेलॉसिटी, म्हणजे जोराचा आकडा, शून्य निघते आणि मिडीमध्ये शून्य व्हेलॉसिटीचं नोट-ऑन म्हणजे नोट बंद करा असा अर्थ होतो! म्हणजे नोट गेली आणि आवाज आला नाही. खालची मर्यादा १ ठेवा, खरं तर १०-१५ ठेवा. आणि सरळ रेषेत बसवू नका, सुरुवातीला भरभर चढणारा वक्र घ्या, नाहीतर मधले ठोके सगळे दबलेले वाटतात.

खारघर_सूर

धाग्यात मध्येच घुसतेय, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. मी शाळेत संगीत शिकवते. मुलांसाठी स्टीलच्या वाट्यांचा जलतरंग केलाय, वाट्यांना वायर, एमपीआर१२१ नावाच्या छोट्या बोर्डवर बारा टच पिना असतात त्याला जोडल्या, वाटीतल्या पाण्याला बोट लावलं की सूर वाजतो. बारा पिना म्हणजे बरोबर एका सप्तकाचे बारा स्वर, कोमल-तीव्र धरून. दुसरीतल्या एका मुलीने शेजारच्या मुलाचा हात धरला आणि त्याने पाण्यात बोट घातलं, तर दोघं मिळून वाजवल्यासारखं झालं, मग अख्खा वर्ग हात धरून उभा राहिला. मला तो दिवस आयुष्यभर पुरेल. हे टच पावसाळ्यात चळतं, आणि लॅपटॉप चार्जरवर असला की वेगळं वागतं, बॅटरीवर असला की वेगळं, म्हणून पाणी भरून, सगळं जोडून झाल्यावरच बोर्ड रिसेट करायचा, म्हणजे तो त्या क्षणाची स्थिती मूळ धरतो.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच की ऊनो सोडा. त्याची मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलत नाही, म्हणून तुम्हाला हेअरलेस आणि लूपमिडी असे दोन दलाल लागतात. प्रो मायक्रो हा बोर्ड घ्या, त्यात स्वतः यूएसबी बोलणारी अॅटमेगा ३२यू४ चिप असते, मिडीयूएसबी लायब्ररी टाकली की लॅपटॉपला तो सरळ मिडीचं वाद्य म्हणूनच दिसतो. ओटीजी वायरने मोबाइललाही लागतो. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड पण छान आहे, फक्त त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५.१चा झेनर तिथे उपयोगाचा नाही.

ऐरोली_सर्किट

एकदम बरोबर. जुन्या कोडमधलं फक्त नोट पाठवायचं फंक्शन बदलावं लागेल. आणि ताई, सुटे भाग आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर शनिवारी जा, रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. पायझो वायर लावलेलेच मागा, त्या पांढऱ्या थरावर सोल्डरिंगची कावीळ दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकली की चांदीचा लेप निघून येतो. चार-पाच जास्तीचे घ्या, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

कोपरखैरणे_रिपेअर

सोल्डरिंगची कावीळ??

ऐरोली_सर्किट

काविया, म्हणजे सोल्डरिंग गन, मोबाइलने शब्द बदलला.

ताशावाली_वर्तकनगर

दोन आठवड्यांनी येतेय, पण सगळं करून येतेय.

ब्लूटूथच होतं. वायरचा हेडफोन लावला आणि पहिल्या ठोक्यालाच डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते, इतके दिवस मला वाटत होतं माझीच लय गेलीय. तरी थोडासा उशीर उरला होता, तो सापडायला दोन रात्री गेल्या. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये ठोक्याच्या आधी जवळपास ३० मिलिसेकंदाची शांतता होती! आवाज वेळेवर सुरू व्हायचा, फक्त सुरुवातीला त्यात काहीच नव्हतं. ती कापली. एमपी३ करताना सुरुवातीला अजून थोडी रिकामी जागा येते असं वाचलं म्हणून सगळं वेव्हमध्येच ठेवलं. दुसऱ्या कोणी करत असेल तर हे आधी बघा, कोणीच सांगत नाही.

मग रविवारी सरावानंतर मैदानावर थांबून परत रेकॉर्ड केलं, अगदी हळू ते पूर्ण जोर असे सहा टप्पे, प्रत्येकाचे चार-चार ठोके, कारण तोच एक आवाज परत परत वाजला की तर्री शिलाई मशिनसारखी ऐकू येते. रीपरच्या सॅम्पलरमध्ये व्हेलॉसिटीप्रमाणे लावले. आता उजवा हात जोरात पडतो ते स्वच्छ ऐकू येतं, आणि माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त पडतो.

जाळी कळवावाल्या दादांनी सांगितली तशीच, जुन्या ताशाच्या रिंगमध्ये. काडी ताशापेक्षा जरा जास्तच उसळते पण माउसपॅडपेक्षा हजारपट बरी, आणि अजून ताणली की सुधारते. प्रो मायक्रो आणला. उतरता थ्रेशोल्ड समजायला वेळ लागला, आलेख काढल्यावर कळला. माझ्या पॅडची थरथर ३५ मिलिसेकंदात संपते म्हणून रेषा ४० मध्ये उतरवलीय, तर्रीतला एकही ठोका गळत नाही, डबलही नाही. बॉलवाली फळी केली, आजींच्या सुनेला मुद्दाम खाली बसवून वर वाजवलं, ती म्हणाली काहीच येत नाही. आजी स्वतः परवा वॉकर घेऊन लिफ्टने वर आल्या आणि हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकून गेल्या.

आता एकच अडकलंय. ताशाच्या मध्यावरचा आणि किनारीवरचा आवाज वेगळा असतो, म्हणून रिंगला दुसरा पायझो लावला, ए-वन पिनवर. पण मध्यावर जोरात मारलं की किनारीचाही वाजतो.

ऐरोली_सर्किट

वा! आजींचं वाचून फार बरं वाटलं.

दोन पायझोंना एकाच वस्तूवर हे होणारच. दोन्हींना स्वतंत्रपणे नोट पाठवू देऊ नका. कोणताही एक थ्रेशोल्ड ओलांडतो तेव्हा त्या २ मिलिसेकंदात दोन्ही वाचा, दोन्हींची शिखरं काढा आणि जो मोठा त्याचीच नोट पाठवा, दुसरा त्या ठोक्यापुरता सोडून द्या. उतरता थ्रेशोल्ड मात्र दोघांनाही लावा, हे विसरलात तर सोडून दिलेला पायझो पुढच्या फेरीत थरथरीवर वाजेल. दोन वाचायचे म्हणजे प्रत्येकाला वाचनं निम्मी, तेव्हा एडीसीचा (पिनवरचा व्होल्ट आकड्यात बदलणाऱ्या भागाचा) प्रीस्केलर, म्हणजे वाचनाचा वेग ठरवणारा भाजक, १२८ वरून १६ करा, वेग कितीतरी वाढतो आणि ताशाला लागतो तेवढा अचूकपणा तरीही राहतो. रिंगचा पायझो लोखंडावर असल्यामुळे त्याचे आकडे मुळातच वेगळे येणार, म्हणून तुलना करायच्या आधी त्याला एखाद्या आकड्याने गुणा. मध्यावर वीस आणि किनारीवर वीस ठोके मारून दोन्ही पायझोंचे आकडे इथे टाका, आकडा काढून देतो.

कळवा_ऑर्केस्ट्रा

आणि रिंगला रबरी ट्यूबचा तुकडा गुंडाळा, सायकलची जुनी ट्यूब चालते. किनारीवर काडी लोखंडाला लागली की कर्रर होतं आणि काडीही लवकर फुटते.

ताशावाली_वर्तकनगर

ट्यूब खालच्या सायकलवाल्याकडून आजच आणली. आकडे शनिवारी रात्री टाकते, सरावाहून आल्यावर.

नौपाडेकर

ताई, माझ्या मुलीला असाच एक करून द्यायचाय, ती पण ताशाच वाजवते. झाल्यावर कोड आणि सर्किट इथे टाकाल का?

ताशावाली_वर्तकनगर

टाकते ना. किनारीचं जमलं की सगळं एकत्रच टाकते, मराठीत कमेंट लिहून. तोवर जाळी आणि पायझो आणून ठेवा, आणि मुलीला ठोके रेकॉर्ड करायला तिचाच ताशा घ्या.